डोंगरदरीतील पक्षीनिरीक्षण आणि स्वयंसेवी संवर्धन: पहिल्या फेरीपासून प्रत्यक्ष कामापर्यंत

डोंगरदरीत नव्याने पक्षी पाहू लागलेला माणूस पहिल्या वर्षी बहुधा सगळीकडे फिरतो. एका रविवारी नदीकाठ, दुसऱ्या रविवारी वरचे कुरण, मग एखादी खिंड. वर्षअखेरीस त्याच्याजवळ लांबलचक यादी जमते, पण त्या यादीवरून दरीतल्या एकाही पक्ष्याबद्दल ‘हा वाढतो आहे’ किंवा ‘हा घटतो आहे’ एवढे साधे विधान त्याला करता येत नाही. या लेखात सुचवलेली पद्धत नेमकी उलट आहे. एकच वाट निवडावी, ती ठरावीक अंतराने आणि ठरावीक रीतीने वर्षानुवर्षे चालावी, आणि संवर्धनाचे प्रत्येक काम त्या वाटेवरच्या नोंदींतूनच ठरवावे. हा क्रम संथ आहे हे खरे, परंतु ज्या कामांमागे नोंदी नव्हत्या अशी उत्साहाची कामे दोन हंगामांत विरून जाताना मी पुरेशी पाहिली आहेत.

आधी दरी समजून घ्यावी

सपाट प्रदेशात दहा किलोमीटर चालले तरी अधिवास फारसा बदलत नाही; दरीत मात्र दोन तासांची चढण माणसाला एका हवामानातून दुसऱ्यात नेते. उंची दर १,००० मीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सियसने उतरते आणि त्याबरोबर झाडे, कीटक व पक्षी बदलत जातात. म्हणून पहिले काम नकाशाचे आहे. समोच्च रेषा दाखवणारा नकाशा घेऊन त्यावर दरीचा तळ, मधला उतार, वृक्षरेषा आणि तिच्यावरची कुरणे किंवा खडक असे पट्टे पेन्सिलीने आखावेत. प्रत्येक पट्ट्यात पाणी कुठे आहे, जुनी मोठी झाडे कुठे उरली आहेत, गुरे किंवा मेंढ्या कुठे चरतात, तारा आणि रस्ते कुठून जातात, हेही त्याच नकाशावर टिपावे. पुढे संवर्धनाचा विचार सुरू होईल तेव्हा पक्ष्यांच्या यादीइतकाच हा नकाशा उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट उन्हाची. दरी उत्तर-दक्षिण पसरलेली असेल, तर तिच्या पश्चिम बाजूचा उतार पूर्वेकडे तोंड करून असतो आणि सकाळचे ऊन आधी त्याच्यावर पडते. कीटक तिथे आधी हलू लागतात आणि त्यांच्यामागोमाग वटवटे, माशीमार, वल्गुली हे छोटे पक्षीही आधी तिथेच दिसतात. सोय अशी की तळात उभे राहून त्या उताराकडे पाहताना सूर्य आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे रंग नीट दिसतात. संध्याकाळी हेच गणित उलटे होते. रात्री थंड, जड हवा उतारावरून घसरून तळाशी साचते. म्हणून स्वच्छ आकाशाच्या रात्रीनंतर दरीचा तळ धुक्यात गारठलेला आणि दीडदोनशे मीटर वरचा उतार मात्र उबदार असू शकतो. अशा सकाळी तळात तासभर काहीच दिसले नाही म्हणून निराश होऊन परतण्याचे कारण नाही. थोडे वर चढावे.

तिसरी गोष्ट ऋतूंची. डोंगरातले कित्येक पक्षी हजारो किलोमीटर उडत नाहीत, तर विणीच्या हंगामात वर आणि थंडीत खाली अशी उभी ये-जा करतात. वरच्या भागात जोराचा हिमवर्षाव झाला, की एका रात्रीत खालच्या बागांत अनोळखी कस्तुर दिसू लागतात. म्हणूनच ‘हा पक्षी दरीत आहे’ ही नोंद अपुरी असते. तो किती उंचीवर आणि कोणत्या महिन्यात होता, हे लिहिल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. उंचीची नोंद किती मोलाची ठरते, याचे उदाहरण पेरूमधल्या सेरो दे पांतियाकोया या डोंगरावरचे आहे. तिथे १९८५ मध्ये पक्ष्यांची उंचीनुसार पाहणी झाली होती. संशोधकांनी २०१७ मध्ये तीच पाहणी पुन्हा केली, तेव्हा पक्ष्यांचे पट्टे वर सरकलेले आढळले आणि शिखराजवळच राहणाऱ्या काही प्रजाती सापडल्याच नाहीत, कारण त्यांना वर सरकायला डोंगरच उरला नव्हता. पहिल्या पाहणीत उंची काळजीपूर्वक टिपली नसती, तर हे कळण्याचा मार्गच नव्हता.

वाट निवडणे

चांगली वाट सुंदर असण्यापेक्षा परवडणारी असावी. जी वाट पाऊस, थंडी आणि कंटाळा यांच्यातही महिन्यातून दोनदा चालणे शक्य आहे, तीच घ्यावी. दोन ते तीन किलोमीटर लांबी पुरते. शक्य असल्यास ती दोन पट्ट्यांतून जावी, म्हणजे नदीकाठापासून सुरू होऊन मधल्या उतारापर्यंत चढावी. वाट खासगी जमिनीतून किंवा संरक्षित वनातून जात असेल, तर परवानगी पहिल्या फेरीच्या आधी घ्यावी, आणि तोंडी मिळाली तरी तिची तारीख वहीत लिहून ठेवावी. मालक बदलतात, अधिकारी बदलतात. तारीखवार वही जवळ असली की नव्या माणसाशी बोलणे सोपे जाते.

या वाटेवर दर २०० ते २५० मीटरवर एक असे आठ ते दहा मोजणीबिंदू ठरवावेत. अंतर एवढे ठेवण्याचे कारण हे, की एकाच गाणाऱ्या पक्ष्याची दोन बिंदूंवरून दोनदा मोजणी होऊ नये. प्रत्येक बिंदूची खूण न हलणारी असावी: मोठा खडक, पुलाचा कठडा, वाटेचे वळण. झाडाला खिळा ठोकू नये किंवा रंग लावू नये. फोनवर अक्षांश-रेखांश टिपावेत. पण अरुंद दरीत उपग्रहांचे संकेत कड्यांवरून परावर्तित होऊन जागा काही मीटर चुकवतात, म्हणून शब्दांतले वर्णन आणि एक छायाचित्र यांवर अधिक भरवसा ठेवावा.

बिंदू ठरवताना ओढ्याच्या आवाजाचा विचार बहुतेक जण विसरतात. खळाळत्या पाण्याजवळ बारीक, उंच आवाजाचे पक्षी ऐकूच येत नाहीत आणि पाणी वाढते-घटते तसा हा दोषही बदलत राहतो. याचा परिणाम असा, की पावसाळ्यातली घट पक्ष्यांची आहे की आपल्या कानांची, हे सांगता येत नाही. म्हणून मोजणीबिंदू शक्यतो पाण्यापासून ५० मीटर किंवा अधिक दूर घ्यावेत आणि ओढ्याच्या पक्ष्यांसाठी, म्हणजे धोबी, खंड्या आणि पाण्यात बुडी मारून तळाशी कीटक वेचणारा डिपर यांच्यासाठी, काठाने चालण्याची वेगळी फेरी ठेवावी.

दुर्बीण आणि वही

दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. इथे ती सुमारे ५ मिलिमीटर आहे. दरीत ऊन उशिरा येते आणि सावली लवकर पडते, म्हणून हा आकडा महत्त्वाचा आहे. नवशिक्याने ८×४२ घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. दहा पट मोठे दाखवणारी दुर्बीण पलीकडच्या कड्यावरच्या गरुडासाठी बरी, पण चढणीनंतर धापा टाकताना तिच्यात पक्ष्याबरोबर आपला हातही दहा पट थरथरतो.

दुर्बीण हाती आली की ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यावी. उजवी बाजू झाकून, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी दूरची पाटी स्पष्ट करावी; मग डावी बाजू झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रभिंगाजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करावी. पुढे फक्त मधले चाक फिरवावे लागते. चष्मा असल्यास नेत्रभिंगांच्या रबरी कडा आत दाबून ठेवाव्यात. पक्षी शोधताना आधी नुसत्या डोळ्यांनी तो पाहून, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणावी. फांदीवरून फांदीवर दुर्बीण फिरवत पक्षी हुडकणाऱ्याला पाने फार दिसतात.

वही कागदाची असावी. थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते, आणि पेन्सिलीचे लिखाण ओल्या कागदावरही टिकते.

ओळखण्याचा क्रम

नवा माणूस रंगापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो, कारण दरीतला प्रकाश रंग सतत बदलून दाखवतो. आधी आकार पाहावा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा. मग चोच: दाणे फोडणारी जाड, कीटक टिपणारी बारीक, की मांस फाडणारी बाकदार. मग वागणूक, जी बहुधा सर्वांत बोलकी असते. शेपूट वरखाली हलवत दगडांवरून चालणारा धोबी, खोडावर सरळ चढत जाणारा सुतार, एकाच फांदीवरून उडून कीटक पकडून पुन्हा तिथेच बसणारा माशीमार, हे रंग न दिसताही ओळखू येतात. त्यानंतर जागा, उंची आणि महिना; आणि सर्वांत शेवटी रंग, त्यातही भुवई, पंखावरचे पट्टे आणि शेपटीच्या कडा.

आवाज मात्र शिकावाच लागतो. दाट झाडीच्या उतारावर मोजणीतले बहुतेक पक्षी दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. महिन्याला पाच आवाज पक्के करावेत आणि सर्वांत सामान्य पक्ष्यांपासून सुरुवात करावी, कारण सामान्य आवाज कानाला बसले की वेगळा आवाज आपोआप टोचतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेचे मर्लिन हे ॲप आवाज ऐकून नावे सुचवते. त्याचा उपयोग शिक्षकासारखा करावा, साक्षीदारासारखा नव्हे: ॲपने सुचवलेला पक्षी आपण स्वतः पाहिला किंवा ओळखला नसेल, तर तो नोंदीत घालू नये. कड्यांवरून येणारा प्रतिध्वनीही लक्षात ठेवावा. दरीत एकच पक्षी दोन दिशांनी गाताना भासू शकतो. पक्षी बाहेर यावा म्हणून ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे टाळावे. त्या पक्ष्याला ते प्रतिस्पर्ध्याचे आव्हान वाटते आणि पिले भरवण्याचा वेळ तो नसलेल्या शत्रूला हुसकावण्यात घालवतो.

मोजणी: कामाचा गाभा

सूर्योदयानंतरच्या तीन-चार तासांत मोजणी संपवावी. दिवस चढला की दरीत तळाकडून वर वाहणारा वारा सुरू होतो, पक्ष्यांचे गाणे मंदावते आणि ऐकू येण्याचे अंतरही कमी होते. जोराचा पाऊस किंवा वारा असेल त्या दिवशी मोजणी करू नये. ती पुढे ढकलली असे वहीत लिहावे.

बिंदूवर पोहोचल्यावर दोन मिनिटे नुसते उभे राहावे, म्हणजे आपल्या येण्याने दबलेले पक्षी पुन्हा मोकळे होतात. नंतर घड्याळ लावून दहा मिनिटे मोजावे. दिसलेला किंवा ऐकलेला प्रत्येक पक्षी त्याच्या अंदाजे अंतरासह लिहावा: ३० मीटरच्या आत, ३० ते १०० मीटर, १०० मीटरच्या पलीकडे. केवळ वरून उडत गेलेले पक्षी वेगळ्या रकान्यात घ्यावेत, कारण त्यांचा त्या अधिवासाशी संबंध असेलच असे नाही. दहाची पाच मिनिटे केली तरी चालते. मात्र एकदा ठरवलेली वेळ मग कधीच बदलू नये. उतारावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत ३० मीटरची दोरी घेऊन प्रत्येक बिंदूभोवतीची दोन-तीन झाडे मोजून ठेवावीत.

प्रत्येक फेरीच्या डोक्यावर तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, चाललेले अंतर, निरीक्षकांची संख्या, ढग, वारा आणि पाण्याचा आवाज एवढे असावे. माझ्या पहिल्या हंगामाच्या दोन वह्या आज निरुपयोगी आहेत, कारण त्यांत पक्ष्यांची नावे सुवाच्य अक्षरांत आहेत आणि फेरी किती वेळ चालली ते कुठेच नाही. वीस मिनिटांत पाच सुतार आणि तीन तासांत पाच सुतार या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत.

यादी पूर्ण असावी, हा दुसरा नियम. पूर्ण यादी म्हणजे ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेली यादी. दुर्मीळ तेवढे लिहून साळुंक्या वगळलेली नव्हे. यादी पूर्ण असेल तरच एखाद्या नावाची अनुपस्थिती अर्थपूर्ण ठरते. संख्येच्या जागी नुसती खूण करण्यापेक्षा अंदाज लिहावा. मोठ्या थव्यातले दहा पक्षी मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांनी पुढे पुढे ठेवत जावी. पाकोळ्यांच्या गोंधळातही या रीतीने बराचसा बरोबर आकडा येतो.

नोंदी घरी पडून राहू नयेत. २००२ मध्ये कॉर्नेलच्या प्रयोगशाळेने आणि ऑड्युबन संस्थेने सुरू केलेल्या ईबर्डसारख्या सार्वजनिक संचात त्या भराव्यात. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांनी अशाच रीतीने दिलेल्या तीन कोटींच्या आसपास नोंदींवर उभा आहे आणि त्यात ९४२ प्रजातींचा विचार झाला आहे. त्यातल्या बहुतेक नोंदी कुठल्या ना कुठल्या साध्या सकाळच्या फेरीतल्या आहेत. एक खबरदारी मात्र हवी. घुबडे, ससाणे, गिधाडे यांच्या घरट्यांची नेमकी जागा कुठेही जाहीर करू नये. ईबर्ड काही संवेदनशील प्रजातींची ठिकाणे आपणहून झाकते, परंतु आपणच छायाचित्राखाली कड्याचे नाव लिहिले, तर त्या झाकण्याला काही अर्थ राहत नाही.

मध्यान्हीचे आकाश

सकाळची मोजणी संपली की शिकारी पक्ष्यांची वेळ सुरू होते. ऊन लागलेल्या उतारांवरून तापलेली हवा वर उठू लागली की गरुड, गिधाडे आणि इतर मोठे पक्षी पंख न हलवता तिच्यावर घिरट्या घेत चढतात. यांच्यासाठी चालण्यापेक्षा दोन तास एका जागी बसणे फलदायी ठरते. खिंड किंवा पुढे आलेला कडा निवडावा, निळ्या आकाशाऐवजी ढगांच्या पार्श्वभूमीवर आणि डोंगरधारेच्या रेषेवर नजर फिरवावी, आणि दर तासाची संख्या वेगळी लिहावी.

अशा मोजणीतून काय घडू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातले हॉक माउंटन. स्थलांतराच्या काळात तिथल्या धारेवर बंदूकवाले जमत आणि शेकडो शिकारी पक्षी मारत. १९३४ मध्ये पक्षीसंरक्षणासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी तो डोंगर भाड्याने घेऊन शिकार थांबवली, आणि तिथे नेमलेल्या मॉरिस ब्राउन यांनी त्याच शरद ऋतूत उडत जाणारे पक्षी मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला खंड सोडला तर ती मोजणी चालूच राहिली, आणि पुढे डीडीटी या कीटकनाशकामुळे शिकारी पक्ष्यांची वीण कशी ढासळली हे दाखवताना तिचे आकडे कामी आले. सुरुवात केली तेव्हा हा उपयोग कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

नोंदींतून काम निवडणे

दोन विणीचे हंगाम पूर्ण झाल्याशिवाय मोठे काम हाती घेऊ नये. या काळात वहीतून तीन प्रकारच्या गोष्टी वर येतात: एखाद्या पट्ट्यात अपेक्षित असूनही कधीच न सापडणारा पक्षी, एखाद्या जागी वारंवार आढळणारे मृत पक्षी किंवा मोडलेली घरटी, आणि एखादी अशी छोटी जागा जिथे सगळ्या दरीपेक्षा अधिक पक्षी आहेत. यातली तिसरी गोष्ट लोक दुर्लक्षितात. वास्तविक आहे ते सांभाळणे गेलेले परत आणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. आल्प्समधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाहीसा झालेला दाढीवाला गिधाड परत आणण्यासाठी ऑस्ट्रियातील राउरिस दरीत १९८६ मध्ये पहिली पिले सोडली गेली आणि त्यानंतर मोकळ्या रानात पहिली यशस्वी वीण व्हायला १९९७ उजाडले. स्वयंसेवकांच्या छोट्या गटाने अशी कामे स्वतः करायची नसतात. मात्र तिथेही सोडलेल्या पक्ष्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवण्यात दरीतल्या साध्या निरीक्षकांचा मोठा वाटा राहिला आहे.

वयस्क मेंढपाळ आणि शेतकरी यांच्याशी बोलणे हाही नोंदीचाच भाग समजावा. आपली वही आपण आलो त्या वर्षापासून सुरू होते. त्यांची आठवण पन्नास वर्षे मागे जाते. पक्ष्याचे छायाचित्र दाखवून नाव सुचवण्यापेक्षा ‘पूर्वी इथे काय ऐकू यायचे’ असे मोकळे विचारावे. मिळालेली माहिती वेगळ्या पानांवर, आठवण म्हणून लिहावी. मोजणीच्या आकड्यांत मिसळू नये.

हाती घेण्याजोगी कामे

कुरणे हा दरीतला सर्वांत नाजूक अधिवास आहे, कारण तिथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात आणि गवत कापण्याची वेळ माणूस ठरवतो. युरोपच्या डोंगरी कुरणांत आपल्या गप्पीदासाचा जवळचा नातलग व्हिनचॅट याच कारणाने घटला: गवत लवकर कापले जाऊ लागले आणि पिले उडण्याआधीच घरटी यंत्राखाली गेली. इथे स्वयंसेवकाचे काम म्हणजे पिले भरवणारी जोडपी नेमकी कुठे आहेत ते दुरून हेरून, कुरणाच्या मालकाला तेवढाच पट्टा काही आठवडे उशिरा कापण्याची विनंती करणे. कापणी मधून सुरू करून कडांकडे नेली, तर पळू शकणाऱ्या पिलांना बाहेर जायला वाट मिळते. कडांकडून मध्याकडे कापत गेल्यास ती शेवटच्या तुकड्यात कोंडली जातात. घरट्यापर्यंत चालत जाऊन खुणेची काठी रोवण्याचा मोह आवरावा, कारण आपल्या पायांनी पडलेली वाट कोल्ह्या-मुंगसांनाही दिसते.

तारा आणि काच यांनी होणारे मृत्यू मोजता येतात आणि बऱ्याच अंशी टाळताही येतात. आल्प्समध्ये रोपवेच्या आणि बर्फावरच्या खेळांसाठी बांधलेल्या दोरवाहिन्यांच्या तारांवर आदळून ग्राउस हे रानकोंबड्यांसारखे जडशीळ पक्षी मरतात, म्हणून अनेक ठिकाणी तारांवर ठळक खुणा बसवल्या गेल्या. आपल्या दरीत कोणत्या तारेखाली मृत पक्षी सापडतात, हे पंधरवड्यातून एकदा तारेखालून चालून, प्रत्येक पक्ष्याचे तारखेसह छायाचित्र घेऊन नोंदवावे, आणि वर्षाचा कागद वीजसंस्थेकडे किंवा रोपवेच्या चालकाकडे न्यावा. स्वतः तारेला किंवा खांबाला हात लावू नये. मोठ्या काचेच्या खिडक्यांवर बाहेरून ठिपके किंवा रेघा लावाव्यात आणि त्यांच्यातले अंतर दोन्ही दिशांनी ५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे. खिडकीच्या मध्यभागी चिकटवलेले ससाण्याचे एकुलते एक चित्र निरुपयोगी असते. पक्षी त्याच्या शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतो.

कृत्रिम घरट्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण स्वयंसेवकांचा सर्वाधिक उत्साह याच कामात खर्च होतो. लाकडी पेटी केवळ ढोलीत घरटे करणाऱ्या पक्ष्यांना उपयोगी पडते, आणि तीही जुनी, पोकळ झाडे जिथे उरली नाहीत तिथेच. म्हणून आधी वाळलेली पण उभी झाडे वाचवावीत. वाटेवर पडण्याचा धोका नसेल तर ‘मेलेले झाड’ तोडू नये असे मालकाला सांगणे हे वीस पेट्यांच्या बरोबरीचे काम आहे. पेटी करायचीच असेल, तर १५ ते २० मिलिमीटर जाडीचे, रंग किंवा रसायन न लावलेले लाकूड घ्यावे, तळाला पाणी निघून जायला छिद्रे ठेवावीत, आणि एक बाजू साफसफाईसाठी उघडता यावी. सर्वांत महत्त्वाचे दाराचे माप: सुमारे २८ मिलिमीटरच्या छिद्रातून लहान वल्गुली जातात, ३२ मिलिमीटरमधून मोठ्या वल्गुली आणि चिमण्याही. माप मोठे झाले की ज्यांच्यासाठी पेटी केली त्यांच्याऐवजी दांडगे पक्षी ती बळकावतात. दाराखाली बसायची दांडी लावू नये. आतल्या पक्ष्याला तिची गरज नसते, पिले पळवणाऱ्याला मात्र तिचा आधार होतो. पेटी दोन ते चार मीटर उंचीवर, दुपारच्या उन्हाकडे आणि पावसाच्या झोताकडे पाठ करून बसवावी, हंगामानंतर रिकामी करून उकळत्या पाण्याने धुवावी, आणि प्रत्येकीला क्रमांक देऊन कोण राहिले, किती पिले उडाली हे लिहावे. जिची नोंद आणि सफाई होणार नाही, ती पेटी लावूच नये.

दाणे ठेवण्याबद्दल माझे मत थोडे कडू आहे. त्यातून माणसाला पक्ष्यांचा लळा लागतो, आणि तेवढ्यापुरते ते चांगले आहे; पण त्याला संवर्धन म्हणू नये. ब्रिटनमध्ये २००५ पासून पसरलेल्या ट्रायकोमोनोसिस या रोगाने ग्रीनफिंच या दाणे खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांची संख्या कोसळली आणि दाणापाण्याच्या गर्दीच्या जागा त्याच्या प्रसाराला कारण ठरल्या. दाणे किंवा पाणी ठेवायचेच असेल तर भांडी नियमित घासून वाळवावीत, पाणी उथळ असावे, आणि मलूल, पिसे फुगवून बसलेला पक्षी दिसताच काही आठवडे सगळे उचलून घ्यावे.

झुडपे छाटणे, परकी वनस्पती उपटणे, ओढ्याकाठची सफाई ही कामे विणीच्या हंगामाबाहेर करावीत. विणीच्या हंगामात कुत्री दोरीला बांधून न्यावीत आणि मांजरे शक्यतो घरात ठेवावीत.

पिलू किंवा जखमी पक्षी सापडल्यास

लोक सर्वाधिक फोन याच कारणासाठी करतात, आणि बहुतेक वेळा उत्तर ‘तसेच राहू द्या’ हे असते. अंगावर पिसे आलेले, उड्या मारणारे पिलू हे हरवलेले नसते. ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळपासच असतात. वाटेवर असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवावे. माणसाचा स्पर्श झाला म्हणून आई पिलाला टाकते, हा समज खरा नाही. पिसे न आलेले पिलू सापडले आणि घरटे हाताला लागत असेल, तर ते परत ठेवावे. काचेवर आदळलेला किंवा जखमी पक्षी हवेसाठी छिद्रे असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत आणि उबदार जागी ठेवावा. चोचीत पाणी किंवा अन्न घालू नये. नुसता भांबावलेला असेल तर तास-दोन तासांत तो सावरतो आणि सोडता येतो. न सावरल्यास वन्यजीव उपचारांची परवानगी असलेल्या केंद्राकडे सोपवावा, कारण बहुतेक देशांत रानपक्षी घरी ठेवणे कायद्याने गुन्हा आहे.

गट, सुरक्षितता आणि वाट सोपवणे

गट मोठा असण्याची गरज नाही. २५ डिसेंबर १९०० रोजी पक्षीशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांच्या सूचनेवरून अमेरिकेत आणि कॅनडात नाताळची पहिली पक्षीमोजणी झाली तेव्हा तिच्यात अवघे २७ जण होते, तेही २५ ठिकाणी विखुरलेले. ती मोजणी आजही दरवर्षी होते. एका दरीसाठी नियमित येणारी पाच माणसे पुरेशी आहेत. त्यांत एकाला आवाजांचा कान असावा, एकाला वही आणि आकडे सांभाळण्याची शिस्त, आणि एकाला गावकऱ्यांशी नीट बोलता यावे. हा तिसरा गुण पक्षीज्ञानाइतकाच दुर्मीळ आहे.

मालकाकडे किंवा ग्रामसंस्थेकडे जाताना सगळी माहिती एकदम नेऊ नये. एक पान, त्यावर एक नकाशा, दोन वर्षांचे आकडे आणि एकच मागणी एवढेच असावे: अमुक पट्टा अमुक तारखेनंतर कापावा, किंवा अमुक झाड उभे ठेवावे. पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे जाऊन त्या पट्ट्यात काय झाले ते सांगावे, पिले उडाली नसली तरीही.

दरीत एकट्याने फिरू नये. फिरलेच तर वाट आणि परतीची वेळ कोणाला तरी लिहून द्यावी. वर कुठेतरी पडलेला पाऊस खाली ऊन असतानाही ओढा अचानक फुगवतो, म्हणून काठाच्या फेरीत पाणी गढूळ होऊ लागले की लगेच वर सरकावे. दुपारी ढग दाटू लागले की धार सोडावी. सैल दरड, ताजे बर्फ आणि ओल्या शेवाळी शिळा यांच्यापलीकडे दिसणारा पक्षी कितीही दुर्मीळ असला, तरी तो दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावा.

वाट एका माणसावर अवलंबून राहिली की त्याच्या गुडघ्यांबरोबर तिचेही आयुष्य संपते. म्हणून पहिल्या वर्षातच तिचे वर्णन लिहून ठेवावे: कुठून सुरू होते, बिंदू कुठे आहेत, प्रत्येक बिंदूवर कोणत्या दिशेला तोंड करून उभे राहायचे, कुठे कुत्रा भुंकतो, कुठल्या महिन्यात पूल पाण्याखाली जातो. नव्या निरीक्षकाला ती सोपवण्यापूर्वी जुन्या-नव्याने किमान तीन फेऱ्या बरोबर कराव्यात, दोघांनी न बोलता स्वतंत्र मोजावे आणि शेवटच्या बिंदूवर बसून वह्या ताडून पाहाव्यात. नव्या माणसाला उंच आवाज अधिक ऐकू येतात आणि जुन्याला ओळखीचे अधिक, असे बहुधा आढळते. हा फरक किती आहे ते त्याच पानावर लिहून ठेवावे, म्हणजे त्या वर्षीच्या आकड्यांतली उडी पुढे वाचणारा पक्ष्यांच्या खात्यावर मांडणार नाही.